फुटलेल्या तोफांची साक्ष



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची एक अपेक्षा ठरलेली असते. एखादा राजा, एखादा किल्ला, एखादी लढाई, आणि शेवटी जय किंवा पराजय. मीही आज किल्ल्यांची आणि लढायांची नावे घेणार आहे. परंतु माझ्या गोष्टीचा नायक राजा नाही, सेनापतीही नाही. तो आहे धातू. तोफेचे कांसे, गोळ्याचे बीड, चिलखताचे पोलाद यांच्यावर क्षणार्धात प्रचंड आघात होतो तेव्हा ते कसे वागतात, केव्हा वाकतात, केव्हा फुटतात, आणि माणसाला हे कोणत्या किमतीने कळले, त्याची ही हकीकत आहे. विषय रुक्ष वाटला तरी थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे. या एका प्रश्नाचे उत्तर चुकल्यामुळे राजे मेले आहेत, मंत्री मेले आहेत, आणि ज्यांची नावे कोठेही लिहिली गेली नाहीत असे असंख्य गोलंदाज मेले आहेत.

प्रारंभ आपल्या लोहाराच्या पालापासून करू. एखादी जुनी छिन्नी हातात घेऊन पाहा. तिच्या डोक्याची कड फुलून बाहेर वळलेली दिसेल, जणू काही कुत्र्याची छत्रीच. त्याच छिन्नीवर चांगले दोन धट्टेकट्टे गडी उभे केले तरी तिच्या डोक्यावर चरा उमटणार नाही. पण दोन किलोचा हातोडा वारंवार बसला की तेच पोलाद मेणासारखे पसरते. वजन दोन किलोचे. मग एवढे बळ आले कोठून? ते वेगातून आले. घाव आणि भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. विज्ञानाला ते नीट मापून सांगायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. मधल्या चारपाचशे वर्षांत या प्रश्नाची प्रयोगशाळा एकच होती, आणि ती म्हणजे तोफ.

काशाची तोफ

तोफेच्या नळीत दारू पेटते तेव्हा वायूचा दाब सेकंदाच्या काही सहस्रांश भागात शिगेला पोचतो. नळीला सावरायला, हळूहळू ताणले जायला वेळच मिळत नाही. ज्या धातूने हा धक्का सोसायचा तो कसा असावा? फार मऊ असला तर नळी फुगेल आणि आतून झिजेल. फार कडक असला तर न सांगता फुटेल. मधला मार्ग काढण्यासाठी ओताऱ्यांनी तांब्यात कथील मिसळले.

या मिश्रणाचे गुणधर्म आपल्या घरातल्या भगिनी कोणत्याही ओताऱ्याइतके जाणतात. तांब्याचा हंडा विहिरीच्या काठावर आपटला तर त्याला पोचा येतो. तो ठोकून सरळ करता येतो. काशाची थाळी हातातून फरशीवर पडली तर ती तडकते, आणि तडकलेल्या थाळीचा नाद जातो तो कायमचा. हंड्यात नुसते तांबे आहे. थाळीत तांब्याबरोबर पाचव्या हिश्श्याइतके कथील आहे. कथील वाढले की कडकपणा वाढतो, नाद वाढतो, आणि ठिसूळपणाही वाढतो. युरोपातले ओतारी पुष्कळ अनुभवानंतर तोफेसाठी शंभर भागांत आठ ते दहा भाग कथील या प्रमाणावर स्थिरावले. घंटेसाठी मात्र वीस-बावीस भाग.

आता आपल्या मराठवाड्याशी संबंध आलेली एक तोफ पाहू. १५४९ साली अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या ओताऱ्याने निजामशाहीसाठी एक तोफ ओतली. तिचे नाव मुलूख-मैदान. लांबी सव्वाचौदा फूट, वजन अदमासे ५५ टन, नळीच्या तोंडाचा व्यास २ फूट ४ इंच. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ती वापरली गेली असे सांगतात. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि तेथून १६३२ साली आदिलशाहीचा सरदार मुरारपंत याने ती विजापूरला नेली. आजही ती तेथील बुरुजावर आहे. तिच्या धातूचे पृथक्करण झाले तेव्हा त्यात सुमारे ८० भाग तांबे आणि २० भाग कथील निघाले. म्हणजे ही तोफेची धातू नव्हे, घंटेची धातू! म्हणून तर तिच्यावर हाताने थाप मारली तरी ती घंटेसारखी वाजते.

साहजिकच असा प्रश्न पडतो की थाळीसारखी ती फुटली कशी नाही? उत्तर तिच्या जाडीत आहे. तोंडापाशी नळीची भिंत सुमारे सव्वा फूट जाड आहे. रूमीने धातूचा ठिसूळपणा धातूच्याच राशीने झाकून टाकला. तोफ टिकली, पण तिला हलवणे म्हणजे डोंगर हलवण्यासारखे झाले. १८५४ साली जुन्या तोफा विकून टाकण्याचा सरकारी हुकूम निघाला, तेव्हा या तोफेला लिलावात दीडशे रुपयांहून अधिक बोली आली नाही, आणि म्हणूनच ती वाचली. दौलताबादेस मेंढ्याच्या मस्तकाची जी पंचधातूची तोफ आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल, ती 'किला शिकन', म्हणजे किल्ला फोडणारी, याच परंपरेतली. तिच्यावर औरंगजेबाचे नाव आहे आणि मुहम्मद हुसेन अरब या ओताऱ्याचेही नाव आहे. बादशहाच्या नावाशेजारी कारागिराचे नाव कोरले जावे, यावरून त्या विद्येची किंमत किती होती ते ध्यानात येईल.

बैलगाडीची धाव

काशाला पैसा लागे. तांबे आणि कथील दोन्ही महाग. लोखंड स्वस्त, पण एवढे लोखंड एका वेळी वितळवून ओतण्याच्या भट्ट्या आपल्याकडे नव्हत्या. दख्खनच्या लोहारांनी त्यावर दुसरा उपाय योजला. घडीव लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या गोलाकार मांडायच्या आणि त्यांवर लोखंडी कडी तापवून एकामागून एक चढवायची. विजापूरच्या उपली बुरुजावरची तीस फुटांहून लांब तोफ अशीच घडवलेली आहे.

तापवून कडे का चढवायचे? हे आपणांस सांगण्याची गरज नाही. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना सुतार-लोहार तेच करीत आले आहेत. तापलेली धाव थोडी मोठी होते, चाकावर सहज बसते, आणि पाणी ओतताच आकसून चाकाला आवळते. चाकाचे लाकूड त्या आवळण्याने अगोदरच दाबलेले असते. रस्त्याचे हिसके बसले तरी आरे निखळत नाहीत. तोफेचेही तसेच. बार उडतो तेव्हा नळी बाहेर ताणली जाते. पण कड्यांनी तिला आधीच आत आवळून ठेवलेले असेल, तर ताणाचा पुष्कळसा भाग ते आवळणे सैल करण्यातच खर्ची पडतो. सतराव्या-अठराव्या शतकांत आपल्याकडे आत घडीव लोखंडाची नळी आणि बाहेर काशाचे ओतीव वेष्टन अशा जोडधातूच्या तोफाही झाल्या. आतला धातू झिजेला तोंड देणारा, बाहेरचा धक्का जिरवणारा. हे ज्याला सुचले त्याला धातूंचे मर्म कळले होते, यात शंका नाही.

विद्या कोणाच्या हातात होती?

येथे इतिहासाच्या एका बोचऱ्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. विद्या होती, तर आपण हरलो का?

२३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ असईच्या मैदानावर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज वेलस्लीसमोर उभी राहिली. त्या दिवशी मराठ्यांच्या तोफांनी इंग्रज पलटणींची अशी काही दाणादाण उडवली की वेलस्ली आयुष्यभर त्या लढाईची आठवण विसरला नाही. वॉटर्लूचा विजेता होऊनही तो असईचेच नाव घेत असे. तरीही संध्याकाळपर्यंत ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्या तोफांना दोष देता येत नाही. महादजी शिंद्यांच्या काळापासून आग्र्याला तोफांचा उत्तम कारखाना चालत होता, आणि त्यावर सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराची देखरेख होती. तोफा नामांकित होत्या. परंतु फौजेतले आणि कारखान्यातले जाणते हात पुष्कळसे भाड्याचे होते. युद्ध सुरू होताच इंग्रज अधिकारी त्यांच्या सरकारच्या जाहीरनाम्याप्रमाणे शिंद्यांची नोकरी सोडून गेले. असईनंतर महिन्याच्या आत आग्राही पडले आणि कारखाना गेला.

आपल्या अगदी शेजारचा दाखला घ्यायचा तर १८१९ सालच्या जानेवारीत हदगावकडच्या नाव्ह्याच्या गढीचा घ्यावा लागेल. हटकरांचा नायक नोवसाजी नाईक याच्या त्या ठाण्याला निजामाच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांखाली लढणाऱ्या फौजेने वेढा घातला. मेजर पिटमन तिचा मुख्य होता. तोफांचे मोर्चे लावून, सुरुंग उडवून, ३१ जानेवारीला गढी घेतली गेली. आतल्या शिबंदीपैकी फारच थोडे लोक जिवंत राहिले. त्यांच्या शौर्याबद्दल वेढा घालणाऱ्यांनाही संशय नव्हता. पण शौर्याच्या समोर ज्या तोफा होत्या त्या एका दीर्घ, लेखी, हिशेबी परंपरेतून आलेल्या होत्या.

मला म्हणावयाचे आहे ते इतकेच. आपल्याकडे दफ्तरे होती. तांबे किती आले, कथील किती लागले, कारागिरास रोज काय पडला, यांचे हिशेब ठेवले जात. थोरल्या माधवरावांच्या काळात आंबेगावास तोफगोळ्यांचा कारखाना निघाला, त्याचाही खर्च लिहिला गेला. परंतु फुटलेल्या तोफेचा तुकडा हाती घेऊन ती का फुटली हे शोधायचे, तो शोध लिहायचा आणि पुढच्या ओताऱ्यापुढे ठेवायचा, ही रीत आपल्याकडे रुजली नाही. ओताऱ्याची विद्या बापाच्या हातातून मुलाच्या हातात गेली. कारखाना बुडाला, हात रिकामे झाले, विद्या संपली.

'प्रिन्स्टन' जहाजावरचा बार

मग ही रीत परदेशात सहजासहजी रुजली काय? तसे मुळीच नाही. तेथेही ती माणसे मेल्यावरच रुजली. १४६० साली स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स स्वतःच्याच तोफेजवळ उभा असता ती फुटली आणि तो ठार झाला. पण त्यावरून कोणी शास्त्र रचले नाही. शास्त्राला चालना देणारा अपघात त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी, नाव्ह्याच्या वेढ्यानंतर पंचवीस वर्षांनी, अमेरिकेत घडला. तो थोडा विस्ताराने सांगतो, कारण आपली बैलगाडीची धाव त्यात पुन्हा भेटणार आहे.

अमेरिकेच्या आरमारात 'प्रिन्स्टन' नावाचे नवे आगबोटीचे जहाज दाखल झाले होते. त्यावर बारा इंची नळीच्या दोन प्रचंड घडीव लोखंडी तोफा होत्या. पहिली एरिक्सन या स्वीडिश यंत्रज्ञाच्या आराखड्याप्रमाणे इंग्लंडात घडवलेली, तिचे नाव 'ओरेगॉन'. चाचणीच्या वेळी तिला तडा गेला. तेव्हा तिच्यावर लोखंडी कडी तापवून चढवण्यात आली, आणि नंतर अनेक बार होऊनही ती टिकली. दुसरी तोफ जहाजाचा कप्तान स्टॉक्टन याने अमेरिकेत करवून घेतली. तिला कडी नव्हती. कड्यांऐवजी मागच्या भागाचे लोखंड अधिक जाड केले होते. वजन बारा टनांच्या घरात. तिचे नाव मोठे भाबडे होते: 'पीसमेकर', म्हणजे शांतता घडवणारी!

२८ फेब्रुवारी १८४४ रोजी पोटोमॅक नदीवर शेकडो पाहुण्यांना घेऊन हे जहाज निघाले. राष्ट्राध्यक्ष टायलर होते, मंत्री होते, स्त्रिया होत्या. दुपारी तोफेचे दोन बार झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या वाटेवर आणखी एका बाराचा आग्रह झाला. बत्ती दिली, आणि तोफ मागच्या बाजूने फुटली. परराष्ट्रमंत्री अपशर आणि आरमारमंत्री गिल्मर यांच्यासह सहा माणसे मेली. राष्ट्राध्यक्ष योगायोगाने खालच्या मजल्यावर होते म्हणून वाचले.

येथपर्यंतची गोष्ट जगात अनेकदा घडली असेल. पुढे जे झाले ते महत्त्वाचे. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने फुटलेल्या तोफेचे तुकडे तपासले. त्यांच्या कांबी कापून ताणून पाहिल्या. लोखंड फार वेळ भट्टीत राहिल्याने त्याचे बळ घटले होते आणि सांधे नीट जुळले नव्हते, असे दिसून आले. म्हणजे जाडी वाढवण्याच्या हव्यासानेच धातू कमकुवत केला होता. जाड कांब आतपर्यंत तापवायला वेळ लागतो, आणि जितका वेळ भट्टीत तितके लोखंड बिघडते. रूमीची युक्ती, म्हणजे जाडीने दोष झाकण्याची युक्ती, येथे उलटली. आणि धावेची युक्ती तरली.

यानंतर रॉडमन या अमेरिकन अधिकाऱ्याने बिडाच्या तोफा पोकळ ओतून आतून पाण्याने थंड करण्याची पद्धत काढली. आतला थर आधी गोठतो, बाहेरचा थर मागाहून आकसून त्याला आवळतो. विचार तोच, धावेचा. इंग्लंडात आर्मस्ट्राँगने १८५५ च्या सुमारास घडीव कड्या एकावर एक आवळून तोफा बांधल्या. विचार पुन्हा तोच. हा विचार जर दख्खनच्या लोहाराला ठाऊक होता, तर पुढचे पाऊल त्याने का टाकले नाही? कारण कडे किती घट्ट आवळावे, हे अंकांत मांडण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. तिकडे ते साधन तयार होत होते. नोबल याने नळीच्या आत तांब्याची इवलीशी कांडी ठेवली. बार उडाला की ती दाबाने चेपे. किती चेपली ते मोजून दाब काढायचा. छिन्नीचे डोके फुलते, हीच घटना आता मापाचे साधन झाली.

धक्क्याची लाट

पण घाव आणि भार यांतला खरा भेद अद्याप उलगडला नव्हता. तो उलगडायला १८७२ साल उजाडले. मँचेस्टरला जॉन हॉपकिन्सन याने एक लोखंडी तार वरून टांगली, तिच्या खालच्या टोकाला अडणी बसवली, आणि तारेवरून सरकणारे वजन अडणीवर टाकून तार तोडण्याचा प्रयोग केला. निष्कर्ष चमत्कारिक आला. वजन कमीजास्त केले तरी फारसा फरक पडेना. ते किती उंचीवरून टाकले, म्हणजे किती वेगाने आदळले, यावर तार तुटणे अवलंबून होते. आणि कित्येकदा तार घाव बसला तेथे न तुटता वरच्या, लांबच्या टोकाशी तुटे!

याचे कारण आपण घरी कॅरमच्या सोंगट्यांवर पाहू शकता. सात-आठ सोंगट्या एका ओळीत चिकटवून ठेवा आणि एका टोकाला स्ट्रायकर मारा. मधल्या सोंगट्या फारशा हलत नाहीत. शेवटची सोंगटी उडते. धक्का ओळीतून लाटेसारखा गेला. पोलादातूनही धक्का असाच लाटेने जातो, सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर वेगाने. वेग मोठा आहे, पण अमर्याद नाही. घाव बसला त्या क्षणी दुसऱ्या टोकाला त्याची वार्ताच नसते. लाट तेथे पोचते, परावृत्त होते, आणि येणारी व परतणारी अशा दोन्ही लाटा मिळून धातूला तेथेच तोडतात.

जॉनचा मुलगा बर्ट्रम याने हे काम पुढे नेले. सेकंदाच्या सहस्रांशाएवढ्या वेळेपुरता ताण दिला, तर एरवी ज्या भाराने तार कायमची लांब होईल त्याहून पुष्कळ अधिक ताणही ती सोसते आणि पूर्ववत होते, असे त्याने दाखवले. म्हणजे धातूचे बळ हा एकच ठरलेला आकडा नव्हे; किती घाईने मागता, त्यावर तो देतो. १९१४ साली त्याने पोलादी दांड्यातून जाणारी लाट मोजण्याची पद्धत बसवली, आणि हेही दाखवले की पोलादी पत्र्याच्या एका बाजूवर स्फोटक उडवले तर पत्र्याला भोक न पडता त्याची दुसऱ्या बाजूची ढलपी सुटून वेगाने उडते. शेवटची सोंगटीच ती! चिलखती गाडीत बसलेला सैनिक चिलखत न फुटताही मरू शकतो, ते यामुळेच. पुढे रणगाड्यांच्या आतल्या अंगाला अस्तर लावू लागले ते या ढलप्या अडवण्यासाठी. १९४९ साली कोल्स्की याने बर्ट्रमचा दांडा मधोमध तोडून दोन दांड्यांच्या सांध्यात धातूचा नमुना ठेवण्याची युक्ती काढली. आज जगातल्या प्रयोगशाळा त्याच साधनाने मिश्रधातूंची वेगवान परीक्षा घेतात. दुसऱ्या महायुद्धात जी. आय. टेलर याने तर छिन्नीच उलटी केली म्हणा ना: धातूची कांडी बंदुकीतून झाडून पोलादी ठोकळ्यावर आपटायची आणि तिचे तोंड किती फुलले, लांबी किती उरली, यावरून त्या वेगाला तिचे बळ किती ते काढायचे.

उष्णतेची रेषा

घावाचे दुसरे रहस्य उष्णतेत आहे. लोखंडाची तार हातांनी पुनःपुन्हा वाकवली की वाकण्याच्या जागी ती गरम लागते, हे आपण अनुभवले असेल. सावकाश वाकवली तर ऊब पसरून जाते. अतिवेगाने वाकवली तर? फ्रान्समध्ये ट्रेस्का हा शास्त्रज्ञ प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूची कांब घणाखाली घडवून घेत होता. मीटरची प्रमाणपट्टी ज्या जातीच्या मिश्रधातूची केली, तीच ही. कांब लालपणा हरवण्याइतकी निवली असता घण बसला, आणि ट्रेस्काला तिच्या अंगावर फुलीच्या आकाराच्या तेजस्वी रेषा चमकलेल्या दिसल्या. १८७८ साली त्याने हे प्रसिद्ध केले.

या रेषांचा अर्थ १९४४ साली झेनर आणि हॉलोमन यांनी लावला. आघात इतका जलद असतो की उष्णतेला पसरायला अवसर नसतो. एखाद्या रेषेवर धातू किंचित अधिक सरकला की तेथे अधिक तापतो. तापला की मऊ होतो. मऊ झाला की पुढचे सगळे सरकणे तेथेच एकवटते. केसाहून बारीक अशा पट्टीत धातू कापला जातो, आणि बाजूचा धातू जणू काही झालेच नाही असा राहतो. मोठ्या कालव्याच्या बांधाला एके ठिकाणी पाझर लागला की सारे पाणी तिकडेच धाव घेते, तसाच हा प्रकार.

आता या दोषाचाच गुण कसा झाला ते पाहा. रणगाडा भेदणारा आधुनिक बाण सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने जातो. तो टंगस्टनच्या मिश्रधातूचा असला तर चिलखतावर त्याचे तोंड छिन्नीसारखे फुलते, आणि भोक रुंद पाडण्यात त्याची शक्ती वाया जाते. युरेनियमच्या मिश्रधातूचा असला तर फुललेला भाग त्या बारीक पट्ट्यांवरून कापला जाऊन गळतो आणि टोक धारदारच राहते. योग्य जागी फुटणे हाही धातूचा गुण होऊ शकतो, हे रूमीला कोणी सांगितले असते तर त्याचा विश्वास बसला नसता.

लोणारपर्यंत

या वेगांची चढण शेवटी कोठे जाते? लोहाराचा घण सेकंदाला काही मीटर, जुन्या बंदुकीची गोळी चारपाचशे मीटर, रणगाड्याचा बाण दीड किलोमीटर. त्यापुढे वेग सेकंदाला अनेक किलोमीटर झाला की आघाताचा दाब धातूच्या बळाच्या कितीतरी पट होतो. मग पोलाद काय आणि शिसे काय, दोन्ही पाण्यासारखी वाहतात. तेथे कडकपणाला अर्थच उरत नाही. या चढणीचे शेवटचे टोक आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचे सरोवर! अवकाशातून येणारे अशनी सेकंदाला निदान अकरा किलोमीटर वेगाने पृथ्वीकडे येतात. नव्या मापनाप्रमाणे सुमारे पावणेसहा लाख वर्षांपूर्वी असा एक अशनी आपल्या काळ्या कातळावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा करून स्वतः नाहीसा झाला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तेथील खडकांत आघातानेच घडणारी काच दाखवून दिली, आणि हा ज्वालामुखी नव्हे हे निश्चित झाले.

आज हे शास्त्र आपल्या देशातही आपल्याच माणसांच्या हाती आहे. १९५८ साली स्थापन झालेली पुण्याच्या पाषाणमधील शस्त्रास्त्र संशोधन संस्था तोफा आणि भेदक बाण यांचे आराखडे करते. आपण ज्या हैदराबाद राज्यात १९५६ पर्यंत होतो, त्याच हैदराबादेतील कांचनबागेच्या धातुसंशोधन प्रयोगशाळेत अर्जुन रणगाड्याचे चिलखत तयार झाले, आणि जागेच्या नावावरून त्याला कांचन म्हणतात. तिरुचिरापल्लीस टंगस्टनच्या भेदक कांबी होतात. आणि याच विद्येने मोटारीचा सांगाडा टकरीत माणसाला चिरडण्याऐवजी स्वतः चुरगळावा असा केला जातो, विमानाच्या यंत्रात पक्षी शिरला तरी पाते तुटून उतारूंपर्यंत पोचू नये अशी योजना केली जाते. मारण्यासाठी सुरू झालेली विद्या वाचवण्याच्याही कामी आली, ही समाधानाची गोष्ट आहे.

शेवटी एकच सांगून रजा घेतो. असईला आपल्या तोफा कमी पडल्या नाहीत, नाव्ह्याला आपली छाती कमी पडली नाही. कमी पडली ती वही. कारागिरी आपल्याजवळ होती. मोडीची नोंद नव्हती. यशाचे शिलालेख आपण तोफांवर कोरले, पण फुटलेल्या तोफेवर कोणी काही कोरत नाही. तिची साक्ष कोणी तरी बसून लिहून घ्यावी लागते. आपल्या गावातल्या गॅरेजमध्ये एखादा दांडा वारंवार तुटत असेल, शेतातल्या अवजाराचा फाळ एकाच जागी मोडत असेल, तर तो तुकडा भंगारात टाकण्यापूर्वी एकदा निरखून पाहावा. तो कोठून मोडला, मोडलेली जागा चकचकीत आहे की खरखरीत, केव्हा मोडला, हे आपल्या मुलांना एका वहीत लिहायला सांगावे. हॉपकिन्सननेही सुरुवात एका तुटलेल्या तारेपासूनच केली होती.